टाकून दिलेली राळ

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच अंतरावर, कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याच्या परिसरात, शिरढोण हे गाव लागते. ह्या गावाचे नाव महाराष्ट्रात कशासाठी घेतले जाते हे वाचकांस सांगावयास नको. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी येथे झाला आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांचे चरित्र येथे पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्या चरित्रातील एकाच गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वासुदेव बळवंतांनी शस्त्र हाती घेतले ते १८७९ साली. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे ते पुण्यास लष्करी हिशेबाच्या खात्यात कारकून होते, आणि १८७२–७३ च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे यांनी तेथे व्यापारावर जी व्याख्याने दिली ती त्यांनी ऐकली होती. म्हणजे त्यांच्या संतापाच्या मुळाशी एक हिशेब होता. ह्या देशातला कच्चा माल स्वस्तात बाहेर जातो, पक्का होऊन महाग परत येतो, आणि मधल्या फरकात येथला कारागीर उपाशी मरतो, असा तो हिशेब होय.

हा हिशेब कापसाच्या बाबतीत सर्वांस पाठ आहे. आम्ही आज तो एका उपेक्षित वस्तूच्या बाबतीत मांडणार आहो. ती वस्तू म्हणजे चिकटा: डिंक, सरस, लाख, राळ आणि त्यांच्या जागी रसायनशास्त्राने निर्माण केलेल्या कृत्रिम राळा. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या वर्षी पुण्यात रानड्यांची व्याख्याने सुरू झाली त्याच १८७२ साली जर्मनीत ह्या वस्तूच्या इतिहासाला वळण देणारी एक घटना घडली. फरक इतकाच, की ती घडली हे त्या वेळी कोणालाही, खुद्द ती घडविणारालाही, कळले नाही.

प्रथम आपल्या घरात काय होते ते पाहू. चिकटविण्याची विद्या आपल्याकडे जुनी आणि पुष्कळ अंगांची आहे. पतंगाला गव्हाच्या पिठाची खळ, कागदाला बाभळीचा डिंक, सुताराला जनावरांची हाडे व कातडी शिजवून केलेला सरस, आणि लाकडाच्या खेळण्यांवर चढवावयास रंगीत लाख, अशी प्रत्येक कामाची वाटणी ठरलेली असे. सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांवरील चमक तीन-चार पिढ्यांनी पाहिली आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत तर वज्रलेपावर स्वतंत्र प्रकरण आहे. टेंभुर्णी व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, साळईचे बी, धामणीची साल व वेखंड ही पाण्यात आटवून अष्टमांश काढा उरवावयाचा. त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादी कालवून तो ऊन ऊन असताना देवळाच्या भिंतींना व मूर्तींना लावावयाचा, अशी ती कृती होय. दुसऱ्या एका कृतीत लाख आहे. तिसरीत शिंगे, केस व कातडे आहेत, म्हणजे तो एक प्रकारचा सरसच झाला. हा लेप कोटी वर्षे टिकतो, अशी ग्वाही ग्रंथकाराने दिली आहे. ती ग्वाही अक्षरशः घेण्याचे कारण नाही. परंतु वनस्पतींचे रस, राळा आणि सुकणारी तेले एकत्र शिजविली म्हणजे न विरघळणारे काहीतरी हाती लागते, हे निरीक्षण खरे होते. ‘वज्रलेप’ हा शब्द आजही आपल्या भाषेत पुसता न येणाऱ्या गोष्टीसाठी जिवंत आहे, तो उगाच नव्हे.

तथापि ह्या सर्व चिकट्यांचे दोष कारागिरांस ठाऊक होते. सरस उन्हाळ्यात धरतो आणि कोकणच्या पावसाळ्यात सुटतो. शिवाय तो दर वेळी चुलीवर तापवावा लागतो. खळीला कसर लागते. म्हणून जेथे जीव टांगणीला लागावयाचा तेथे आपला कारागीर चिकट्यावर विसंबतच नसे. पनवेलची बैलगाडीची चाके एके काळी प्रसिद्ध होती. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही ह्या धंद्याची नोंद आहे. बैलगाडीच्या चाकात चिकट्याचा थेंब नसतो. तुंब्यात आरे ठोकावयाचे, त्यांवर लाकडी वर्तुळ जुळवावयाचे, आणि शेवटी तापवून लाल केलेली लोखंडी धाव वर चढवून पाण्याने थंड करावयाची. धाव आकसली, की सगळे लाकूड आवळले जाते. ही विद्या उत्तम खरी. परंतु चिकटा दुबळा आहे हे गृहीत धरूनच ती उभी राहिलेली आहे. तो दुबळा का, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

आता १८७२ सालाकडे वळू. जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर हे रंगांच्या शोधात होते. डांबरातून निघणारे फेनॉल, जे आपल्या घरांत कार्बॉलिक ह्या नावाने परिचित आहे, त्याचा आल्डिहाइड वर्गाच्या द्रव्यांशी संयोग घडविला असता काय होते हे ते तपासीत होते. कित्येकदा काचपात्राच्या तळाशी एक राळेसारखा चिकट गोळा उरे. त्याचे स्फटिक होत नसत, तो नीट शुद्ध करता येत नसे, आणि पात्रातून खरवडून काढणेही जिकिरीचे होई. बायर यांनी त्याची नोंद केली आणि तो विषय सोडून दिला. त्यांचे लक्ष्य निराळे होते, आणि त्यात ते यशस्वीही झाले: १८८० साली त्यांनी नीळ प्रयोगशाळेत तयार केली, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ जर्मन कारखान्यातून बाजारात आली. हिंदुस्थानातील निळीच्या शेतीचा तो शेवटचा पर्व ठरला. १९०५ साली बायर यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या विद्वानाच्या एका शोधाने आपली नीळ बसविली, त्याच विद्वानाने टाकून दिलेल्या गोळ्याने पुढे आपल्या लाखेची मक्तेदारी मोडली, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

लाखेची हकिगत अशी. पळस, बोर, कुसुंब इत्यादी झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा असंख्य संख्येने वस्ती करतो आणि आपल्या अंगातून राळ पाझरवून स्वतःभोवती कवच करतो. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले म्हणजे चपडा तयार होतो. छोटानागपुरात ह्या धंद्याचे मोठे केंद्र होते. आपल्याकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोली ह्या बाजूच्या जंगलांतही लाख होते. जगातील बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेचा प्रसार झाला आणि लाखेचे भाग्य उघडले. कारण लाख वीज अडविते, म्हणून तारांच्या वेटोळ्यांना तिचा लेप लागू लागला. त्याच सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेत दगडाची पूड मिसळून होऊ लागल्या. १९०८ साली कलकत्त्यास अशा तबकड्यांचा कारखाना निघाला. आपल्या वडीलधाऱ्यांनी बालगंधर्वांची पदे ज्या काळ्या तबकड्यांवर ऐकली, त्यांच्या अंगी जंगलातल्या किड्याची राळ होती.

मागणी वाढली तसे भावही वाढले आणि अस्थिरही झाले. किडा काही कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे काम करीत नाही. हीच अडचण लिओ बेकलँड ह्या बेल्जियन गृहस्थाने हेरली. बेकलँड हे घेंट शहरातील एका चांभाराचे पुत्र. ते अमेरिकेत स्थायिक झाले होते, आणि छायाचित्रांच्या कागदाचा आपला शोध १८९९ साली विकून सधन झाले होते. लाखेला पर्याय शोधावा ह्या हेतूने त्यांनी बायर यांच्या त्या टाकाऊ गोळ्याचे प्रकरण पुन्हा उघडले. फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र तापविली असता क्रिया इतक्या जोराने होई, की सारा गोळा फेसाळून बुडबुड्यांनी भरून जाई. इतरांनी उष्णता कमी करून पाहिली. बेकलँड यांनी उलट विचार केला: उष्णता वाढवावयाची, पण बंद पात्रात दाबाखाली, म्हणजे बुडबुड्यांस फुगण्यास वावच उरणार नाही. १९०७ साली त्यांनी आपल्या पद्धतीच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९०९ साली ‘बेकेलाइट’ जगापुढे मांडले. विजेची बटणे, टेलिफोनचे संच, रेडिओच्या पेट्या, मोटारीचे सुटे भाग अशा हजार वस्तू त्यातून होऊ लागल्या. आणि हीच राळ पातळ अवस्थेत असताना लाकडाच्या पापुद्र्यांमध्ये घालून दाबली, की पाण्याला दाद न देणारा प्लायवूड होऊ लागला. सरसाला जे साधले नव्हते ते हिला साधले.

हिच्या बळाचे रहस्य थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. डिंकात किंवा सरसात लांबच लांब रेणूंच्या साखळ्या असतात. त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, परंतु एकमेकींस बांधलेल्या नसतात. म्हणून पाणी किंवा उष्णता मिळताच त्या सुटून सरकू लागतात. बेकेलाइटची गोष्ट निराळी. फेनॉलच्या प्रत्येक रेणूला हात धरावयास तीन जागा असतात, आणि फॉर्माल्डिहाइड दोन-दोन रेणूंमध्ये पूल बांधीत जाते. परिणामी साखळी न होता सर्व दिशांनी गाठी मारलेले जाळे तयार होते. दोरांचा गुंता उकलता येतो, पण विणलेले जाळे फाडल्यावाचून सुटत नाही. बायर यांच्या पात्राला चिकटून बसलेला गोळा विरघळत का नव्हता, ह्याचे उत्तर हेच. ज्या गुणामुळे तो टाकाऊ ठरला, तोच त्याचा मोल वाढविणारा गुण होता. आश्चर्य असे, की एवढाले अवाढव्य रेणू असू शकतात हेच त्या काळी शास्त्रज्ञांस मान्य नव्हते. हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली हा सिद्धांत मांडला तेव्हा त्यांस विरोधच फार झाला. नोबेल पारितोषिकाने त्यांचा गौरव व्हावयास १९५३ साल उजाडले.

कोकणच्या वाचकांस ह्याच कथेचा एक घरचा उपप्रकार सांगितला पाहिजे. काजूची बी भाजताना टरफलातून जे तेल उसळते, ते अंगाला लागले तर फोड येतात, हे कोकणातल्या पोरासोरांस ठाऊक आहे. बिब्ब्याचे तेलही त्याच जातीचे. परीट त्याने कपड्यांवर खुणा करीत, आणि त्या धुतल्या जात नसत. ह्या दोन्ही तेलांतील मुख्य द्रव्ये फेनॉलच्या कुळातली आहेत. वराहमिहिराच्या वज्रलेपात बिब्बा का आला असावा, ह्याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. परंतु आपल्याकडे काजूचे टरफल चुलीत जात राहिले. आणि १९२० ते १९४० ह्या काळात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे यांनी त्या तेलापासून फॉर्माल्डिहाइडच्या साहाय्याने नाना प्रकारच्या राळा करून त्यांची एकस्वे घेतली. मोटारीचे ब्रेक ज्या अस्तरांच्या घर्षणाने लागतात, त्यांत ह्या राळेचा उपयोग होतो. हे तेल मग हिंदुस्थानातून पिंपे भरभरून बाहेर जाऊ लागले. रानड्यांचा हिशेब पुन्हा एकदा तंतोतंत खरा ठरला.

येथे कोणी म्हणेल, की हा दोष पारतंत्र्याचा आहे. ज्या देशाच्या हाती राज्य नाही त्याने प्रयोगशाळा कोठून काढाव्यात? ह्या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. रांचीजवळ नामकूम येथे लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली ती १९२४ साली, म्हणजे बेकेलाइट जगापुढे आल्यावर पंधरा वर्षांनी. ज्या वस्तूवर सरकार शतकभर महसूल व व्यापार करीत होते, तिचे रसायन समजून घेण्याची निकड तिला प्रतिस्पर्धी निर्माण झाल्यावरच भासली! मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग १९३३ सालचा, आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीतली. तोपर्यंत, १९४८ साली, अमेरिकेत विनाइलची न फुटणारी तबकडी निघाली होती, आणि पुढील काही वर्षांत लाखेच्या तबकडीचे दिवस भरले. जंगलात लाख खरवडणाऱ्या कुटुंबांस ह्यातले काहीच कोणी सांगितले नव्हते. त्यांना कळला तो केवळ उतरलेला भाव.

परंतु तथ्य असले तरी हे उत्तर पुरे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन हकिगती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली बळवंत पारेख यांची. भावनगरकडील महुव्याचे हे गृहस्थ मुंबईस कायदा शिकले, पण त्यांनी वकिली केली नाही. छापखान्यात काम केले, एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून राहिले, आणि त्याच्या वखारीतच संसार केला. सुताराचे काम आणि सुताराची अडचण ह्यांच्याशी त्यांचा परिचय पुस्तकी नव्हता. १९५९ साली त्यांनी ‘फेव्हिकॉल’ बाजारात आणला. त्यातील मूळ द्रव्य, म्हणजे विनाइल अॅसिटेटची राळ, त्यांचा शोध नव्हे. जर्मनीत फ्रिट्स क्लाटे यांनी तिचे एकस्व १९१२ सालीच घेतले होते. ह्या राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. लाकूड पाणी शोषून घेते, आणि मागे उरलेले कण एकमेकांत मिसळून चिवट पापुद्रा होतो. चूल नको, वास नाही, आणि सांधा सुटत नाही. पारेख यांनी हा माल घेऊन दुकानदारांऐवजी थेट सुतारांकडे जाण्याचे धोरण ठेवले. आज मराठी बोलण्यात फेव्हिकॉल हा शब्द न सुटणाऱ्या कोणत्याही नात्यासाठी वापरला जातो; वज्रलेपाला मिळालेला मान चौदाशे वर्षांनी दुसऱ्या एका चिकट्यास मिळाला. शोध परक्याचा असला, तरी त्याची गरज नेमकी कोठे आहे हे ओळखणारा मनुष्य येथे निपजला, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरी हकिगत शिरढोणच्या शेजारची आहे. पनवेलच्या ह्याच टापूत, पाताळगंगेच्या काठी, रसायनी नावाची वसाहत आहे. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ह्या सरकारी कंपनीचा कारखाना तेथे उभा राहिला. अॅनिलीन, नायट्रोबेंझीन आणि आपल्या प्रस्तुत कथेतील महत्त्वाचे पात्र जे फॉर्माल्डिहाइड, ती सर्व तेथे होऊ लागली. ज्या गावाच्या पुत्राने कच्च्या मालाच्या हिशेबापायी प्राण वेचले, त्याच्या शेजारी हे व्हावे, ह्यात काही औचित्य होते. परंतु २०१७ साली केंद्र सरकारने तेथील कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणांच्या इंधनास लागणाऱ्या एका द्रव्याचा विभाग तेवढा अवकाश संशोधन संस्थेकडे सोपविण्याचे ठरले. तोटा, परदेशी मालाची स्पर्धा आणि जुनी यंत्रे ही कारणे अशा प्रसंगी नेहमीच पुढे येतात, आणि ती खोटी नसतात. तरी ह्या वेळी परक्या राज्यकर्त्याकडे बोट दाखविता येत नाही.

ह्या दोन हकिगतींवरून आम्ही असा निष्कर्ष काढतो, की देशाची संपत्ती लाखेत, निळीत किंवा काजूच्या टरफलात नसते. निसर्गाने दिलेली मक्तेदारी जितक्या सहज मिळते तितक्याच सहज जाते. कारखाना उभारणे हेही शेवटचे पाऊल नव्हे. त्याचे रसायन दर पिढीला नव्याने शिकावे लागते, नाहीतर तोही कच्च्या मालासारखाच शिळा होतो. बायर, बेकलँड आणि पारेख यांच्या कथेत समान असे काही असेल, तर ते एका चिवट अडचणीपाशी थांबणे होय. बायर तिच्याजवळून निघून गेले, कारण त्यांना दुसरे काही हवे होते. बेकलँड तिच्यापाशी बसले. पारेखांना ती सुताराच्या सरसाच्या भांड्यात सापडली.

आणि ही कथा संपलेली नाही. फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगास कारण होणारे द्रव्य म्हणून २००४ साली आंतरराष्ट्रीय संशोधकांनी वर्गीकृत केले आहे, आणि खनिज तेल अक्षय नाही हे तर सर्वमान्य आहे. म्हणून जगातील प्रयोगशाळा पुन्हा वनस्पतिजन्य राळांकडे वळल्या आहेत. औषधाच्या गोळ्यांवर व फळांवर लाखेचा लेप आजही दिला जातो; काजूच्या तेलावर तर संशोधनाचा ओघ वाढतोच आहे. शंभर वर्षांपूर्वी हुकलेली संधी दुसऱ्या रूपाने पुन्हा दारी आली आहे.

शिरढोणास जाणारे लोक वासुदेव बळवंतांच्या स्मृतीस वंदन करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनी पुण्याच्या सभेत बसून ऐकलेला तो हिशेब आपण पुढे चालविला काय, असेही त्या जागी उभे राहून ज्याचे त्याने स्वतःस विचारावे. आमचा माल कच्चा का जातो, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या काळी त्यांस परकी सत्तेत सापडले. तोच प्रश्न आज विचारला, तर उत्तर आपल्या शाळांत, आपल्या प्रयोगशाळांत आणि आपल्या चुलीत जळणाऱ्या टरफलांत शोधावे लागेल.